निळ्या पट्टीचा निकाल

तळहातापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची प्लेट. तिच्यात आठ ओळी आणि बारा रकाने, म्हणजे ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी डोळ्यांना दिसणारही नाही इतकासा डीएनए. डीएनए बनवून देणाऱ्या कंपनीकडून ती कुरिअरने येते, तिच्यावर बारकोड असतो आणि सोबत एक एक्सेलची फाइल. या ९६ डीएनएंमध्ये ९६ प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात, आणि त्यांतलं एकही प्रथिन आजवर कुठल्या झाडात, माशात, बुरशीत किंवा माणसात बनल्याची नोंद नाही. ती संगणकाने सुचवलेली आहेत. ती खरोखर बनतात का, आणि बनली तर सांगितलेलं काम करतात का, हे पाहायचं काम ज्याच्या टेबलावर ही प्लेट येऊन पडते त्याचं. त्याच्या पदाचं नाव रिसर्च टेक्निशियन.

अमेरिकेत सिॲटलला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, इन्स्टिट्यूट फॉर प्रोटीन डिझाइन ही संस्था आहे. २०१२ साली ती सुरू झाली. तिचे प्रमुख डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना विभागून. बातम्यांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला झाला, त्यामुळे अनेकांची अशी समजूत झाली की हे विज्ञान आता फक्त पडद्यावर घडतं. पण अशा प्रयोगशाळेत संगणकांइतकेच पिपेट असतात, आणि निकाल शेवटी पिपेट धरणाऱ्याच्या हाती लागतो.

आधी या कामाची व्याप्ती पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लांचे प्रकार वीस. समजा, शंभर अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रथिन घ्यायचं. पहिल्या जागी वीस पर्याय, दुसऱ्या जागी वीस, असं शंभर वेळा. उत्तर येतं एकावर सुमारे १३० शून्यं. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वात अणू आहेत ते साधारण एकावर ८० शून्यं इतके. म्हणजे प्रत्येक शक्य प्रथिनाचा एकेक नमुना बनवायचा म्हटलं तर विश्व पुरणार नाही. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीला साडेतीन अब्ज वर्षं मिळाली, तरी तिने या पसाऱ्याचा एक कोपराही चाळलेला नाही. आपण ज्याला ‘निसर्गातली प्रथिनं’ म्हणतो, तो या अफाट प्रदेशातला जेमतेम वापरातला रस्ता आहे. बाकी सगळं रान कोरं पडलंय.

ही साखळी बनली की स्वतःच घडी घालून ठरावीक आकार घेते, बहुतेकदा सेकंदाच्याही अंशात. काम काय करायचं ते त्या आकारावर ठरतं. १९७२ चं नोबेल मिळवणारे क्रिस्टियन अनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन रसायनं घालून पूर्ण उलगडलं, मग ती रसायनं काढून घेतली. प्रथिन पुन्हा आपल्या मूळ आकारात आलं आणि कामालाही लागलं. म्हणजे आकाराची सगळी माहिती त्या साखळीच्या क्रमातच होती, बाहेरून कोणी शिकवायला नव्हतं.

इथे आपल्याकडच्या एका कामाचा उल्लेख टाळून चालणार नाही. प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोन बंध गोल फिरू शकतात. ते किती अंशांनी फिरले तर अणू एकमेकांवर आदळतील आणि किती अंशांनी फिरले तर सुखाने नांदतील, याचा हिशोब मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मांडला आणि १९६३ साली प्रसिद्ध केला. त्याचा आलेख काढला तर बहुतेक जागा निषिद्ध निघते आणि मधे काही थोडी बेटं मोकळी राहतात. जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना ठरली की ती आजही ‘रामचंद्रन प्लॉट’वर घासून पाहिली जाते. सिॲटलच्या संगणकातून निघालेल्या प्रथिनालाही त्याच बेटांवर उभं राहावं लागतं.

उलटा प्रश्न जास्त अवघड होता: मला हवा तो आकार मी ठरवला, तर त्यासाठी कुठली साखळी लिहू? २००३ साली ब्रायन कुलमन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिलं ठसठशीत उत्तर दिलं. निसर्गात कधीही न आढळलेली घडी त्यांनी कागदावर आखली, ‘रोझेटा’ या आपल्या संगणक-प्रणालीकडून तिच्यासाठी ९३ अमिनो आम्लांचा क्रम काढून घेतला आणि ते प्रथिन प्रत्यक्ष बनवलं. नाव ठेवलं टॉप७. त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहिली, तेव्हा आखलेलं आणि बनलेलं यांत सरासरी १.२ अँगस्ट्रॉमचा फरक निघाला. कार्बनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर दीड अँगस्ट्रॉम असतं. फरक त्याच्याही आत.

आता पद्धत बदलली आहे. आरएफडिफ्यूजन ही प्रणाली २०२३ साली ‘नेचर’मध्ये आली. तिला प्रथिनांच्या हजारो ज्ञात रचना दाखवलेल्या असतात, पण मुद्दाम विस्कटून, आणि विस्कटलेलं टप्प्याटप्प्याने पुन्हा नीट कसं करायचं ते तिच्याकडून घोटून घेतलेलं असतं. मग तिला निव्वळ विस्कट द्यायचा, ज्याच्यामागे मूळ रचना नाहीच, आणि सांगायचं, नीट कर. ती नीट करत जाते आणि शेवटी एक कणा उरतो, जो कुणाचाच नव्हता. दुसरी प्रणाली, प्रोटीनएमपीएनएन, त्या कण्यावर शोभेल असा अमिनो आम्लांचा क्रम लिहिते. तिसरी, हसाबिस-जंपर यांची अल्फाफोल्ड, केवळ तो क्रम पाहून त्याची घडी कशी पडेल याचं भाकीत करते. भाकीत आणि मूळ कणा जुळले तर डिझाइन पुढे जातं. हजारो डिझाइनं गाळली जातात, थोडी उरतात. उरलेल्यांचा डीएनए मागवला जातो आणि ती प्लेट येते.

पुढची मजल शाईच्या थेंबाइतक्या पाण्यात चालते. टेक्निशियन प्रत्येक खळग्यातला डीएनए ई. कोलाय या जिवाणूच्या थोड्याशा पेशींमध्ये मिसळतो, अर्धा मिनिट ४२ अंशांचा चटका देतो आणि लगेच बर्फात ठेवतो. या धक्क्यात डीएनए जिवाणूच्या आत शिरतो. मग अँटिबायोटिक घातलेल्या खाद्यात त्यांना वाढू द्यायचं. ज्यांच्यात डीएनए शिरला तेच जगतात, कारण त्याच डीएनएवर औषधाला तोंड देणारं जनुकही बसवलेलं असतं. ३७ अंशांवर, हलत्या कपाटात, हे जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी झाकण काढलं की एक उग्र, आंबूस भपकारा येतो. या कामात असलेल्यांना तो वास झोपेतही ओळखता येईल. मग एक रसायन घालून जिवाणूंना खूण द्यायची आणि ते बिचारे आपली कामं बाजूला ठेवून, कधीच न पाहिलेलं एक प्रथिन बनवायला लागतात. खुणेनंतर जे यंत्र सुरू होतं तेही उसनं आहे, टी७ नावाच्या, जिवाणूंनाच मारणाऱ्या विषाणूकडून घेतलेलं.

जिवाणू फोडले की त्यांची स्वतःची हजारो प्रथिनं आणि आपलं एक, अशी गर्दी हाती येते. आपल्याला वेगळं काढायचं म्हणून डिझाइनच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते. हिस्टिडीनला निकेल धरायची सवय आहे. निकेल लावलेल्या बारीक मण्यांवरून हा रस्सा सोडला की बाकीचे वाहून जातात, शेपटीवाले मण्यांना चिकटून राहतात, आणि इमिडॅझोल नावाचं द्रावण ओतलं की सुटून खाली येतात.

मग जेल. पारदर्शक, लवचिक पापुद्रा, त्यात नमुने घालून विजेचा प्रवाह सोडायचा. लहान प्रथिनं जाळीतून लवकर पुढे सरकतात, मोठी रेंगाळतात. निळा रंग चढवून धुतलं की योग्य उंचीवर निळी पट्टी दिसते, किंवा दिसत नाही. संगणकाने ‘खात्री ९५ टक्के’ म्हटलेल्या डिझाइनच्या रांगेत पट्टी नाही, हे रोजचं दृश्य. कधी जिवाणूने ते बनवलंच नाही, कधी बनवलं पण गोळे होऊन तळाशी बसलं, कधी बनताच त्याने ते खाऊन टाकलं. पडद्यावरचं चित्र किती देखणं होतं याच्याशी जेलला देणंघेणं नसतं. मला या सगळ्या कामात हीच जागा सर्वांत भारी वाटते.

पट्टी दिसली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पट्टी वजन सांगते, घडी सांगत नाही. त्यासाठी द्रावण एका उभ्या नळीतून सोडतात. नळीत सच्छिद्र मण्यांचा भरणा असतो आणि इथे जेलच्या उलट होतं: मोठे रेणू आधी बाहेर येतात, छोटे मागून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चुकीचंच वाटतं. जत्रेतल्या बाजारपेठेतून बैलगाडी सरळ निघून जाते आणि पोरं मात्र प्रत्येक बोळात डोकावत बसतात, तसं हे. छोटे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरतात, फिरतात, बाहेर येतात, पुन्हा पुढच्या मण्यात शिरतात. मोठ्यांना छिद्रात शिरताच येत नाही. पडद्यावर आलेख उमटत जातो. ठरलेल्या वेळी एकच नीटस टेकाड आलं तर घडी बरोबर पडल्याची आशा. फार लवकर आलं तर समजायचं, रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत.

यानंतरची उकळणी मला अजूनही खरी वाटत नाही. अंड्याचा पांढरा भाग तापवला की घट्ट होतो, कारण त्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंततात. थंड केल्यावर ती परत येत नाहीत. निसर्गातली बहुतेक प्रथिनं अशीच नाजूक. संगणकाने आखलेली प्रथिनं मात्र अनेकदा ९५ अंशांपर्यंत तापवली तरी जागची हलत नाहीत. एका विशिष्ट तऱ्हेने वळवलेला प्रकाश द्रावणातून पाठवून घडी मोजतात. सर्पिल घड्या असतील तर २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खळगे दिसतात. २५ अंशांवरची रेषा आणि ९५ अंशांवरची रेषा एकीवर एक पडते. याचं एक कारण असं सांगितलं जातं. निसर्गाला प्रथिन वेळेवर मोडताही आलं पाहिजे, म्हणून तो बेताची मजबुती ठेवतो. संगणकाला तसं कोणी सांगितलेलं नसतं.

आणि वजन. मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनाचं वजन जवळजवळ एका हायड्रोजन अणूइतक्या बारकाव्याने सांगतो. पुष्कळदा ते हिशोबापेक्षा बरोबर १३१ ने कमी भरतं. नवखा माणूस घाबरतो. जुना हसतो, कारण पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, जिवाणूनेच कापून टाकलेलं असतं आणि त्याचं साखळीतलं वजन १३१.

या सगळ्यात बरंचसं काम कंटाळवाणं आहे, हेही सांगायला हवं. बफर बनवणं, सामू तपासणं, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये कुठल्या खोक्यात काय आहे याची यादी, संपत आलेल्या पिपेटच्या टिपा मागवणं. प्लेट चुकून अर्धी फिरली तर ए१ च्या जागी एच१२ येतो आणि ९६ निकाल उलटे होतात. म्हणून तिचा एक कोपरा कापलेला असतो आणि शहाणा माणूस एक ओळखीचा नमुना मुद्दाम आडजागी ठेवतो. द्रव ओतणारे रोबो आता आहेत, पण नळीत हवेचा बुडबुडा आला तर बहुतेक रोबो इमानदारीने बुडबुडाच ओततात. हे काम करणारे बरेचसे नुकते पदवीधर झालेले, पुढे पीएचडी करायच्या विचारात असलेले तरुण. अर्धा दिवस पिपेट, अर्धा दिवस पायथॉन. शोधनिबंधावर त्यांची नावं असली तर लांबलचक यादीच्या मध्यावर, जिथे सहसा कोणाची नजर थांबत नाही.

या साऱ्या खटाटोपातून काय निघतं? दक्षिण कोरियाने २०२२ साली स्कायकोव्हिऑन ही कोविडची लस मंजूर केली. तिचा गाभा याच संस्थेत आखलेल्या दोन प्रथिनांचा आहे. दोन्ही वेगळी बनवून एकत्र केली की १२० तुकडे आपोआप जुळून एक वीस बाजूंचा कण तयार होतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर विषाणूचे साठ तुकडे मिरवतात. कोणी जुळवत नाही. पाण्यासारखी दोन स्वच्छ द्रावणं मिसळायची, बस.

पण मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट सापांची. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यावरचं औषध आजही मुळात १८९० च्या दशकातलंच आहे: घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्तद्रव काढून शुद्ध करायचा. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव या लसीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांविरुद्धची ही लस असंख्य जीव वाचवते. पण घोड्याची प्रथिनं काही रुग्णांना सोसत नाहीत, तीव्र ॲलर्जी येते, आणि नागाच्या चेतासंस्थेवर चालणाऱ्या छोट्या विषांविरुद्ध घोडा फारशी जोरदार प्रतिपिंडं बनवतही नाही. ती विषं इतकी लहान असतात की त्याच्या शरीराचं त्यांच्याकडे नीट लक्षच जात नाही.

ती विषं म्हणजे साठ-सत्तर अमिनो आम्लांची प्रथिनं, आकाराने तीन बोटं पुढे काढलेली. मज्जातंतूचा निरोप स्नायूला ज्या दारातून मिळतो तिथे ही बोटं अडकतात. निरोप पोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात. सुसाना वास्केझ टोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएफडिफ्यूजनला ही विषं दाखवली आणि त्यांना घट्ट धरून बसतील अशी छोटी प्रथिनं आखून घेतली. पूर्वी एका लक्ष्यासाठी पंधरा हजारांपासून लाखापर्यंत डिझाइनं तपासावी लागत; इथे प्रत्येक विषासाठी काही डझनांत भागलं. आरएफडिफ्यूजनच्या मूळ निबंधात तर जवळपास १९ टक्के डिझाइनं लक्ष्याला चिकटली होती.

चिकटलं हे कळतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. एका पद्धतीत काचतंतूच्या टोकाला विष बसवून ते टोक आपल्या प्रथिनाच्या द्रावणात बुडवतात. आतून येणारा प्रकाश टोकावरून परततो. प्रथिनं येऊन बसली की टोकावरचा थर काही नॅनोमीटरनी जाड होतो, परतणाऱ्या प्रकाशाची लय सरकते, आणि पडद्यावर रेषा चढायला लागते. मग टोक साध्या बफरमध्ये न्यायचं. रेषा लगेच उतरली तर पकड ढिली. तशीच आडवी राहिली तर आजूबाजूची माणसं खुर्च्या सोडून पाहायला येतात.

‘नेचर’मध्ये २०२५ च्या जानेवारीत हे काम आलं. विष टोचल्यानंतर ही प्रथिनं दिलेल्या उंदरांपैकी ८० ते १०० टक्के जगले. प्रमाण विष, मात्रा आणि प्रथिन यांवर अवलंबून होतं. विष आणि त्याला धरून बसलेलं प्रथिन या जोडीच्या रचनेचं क्ष-किरणांनी चित्र घेतलं तेव्हा ते आखणीशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. ही प्रथिनं घोड्याशिवाय, जिवाणूंच्या टाकीत बनतात, उष्णता सोसतात, आणि प्रतिपिंडांपेक्षा कितीतरी लहान असल्याने चावलेल्या जागेच्या मांसात लवकर शिरतील अशी अपेक्षा आहे.

हे अजून माणसाला दिलेलं नाही, आणि यातली विषं नागाच्या कुळातली आहेत. कोकणात ज्याची खरी धास्ती, त्या फुरशाचं आणि घोणसाचं विष वेगळ्याच घडणीचं. त्यातली विकरं रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडतात, आणि एकाच जातीच्या सापाच्या विषातही प्रदेशागणिक घटकांचं प्रमाण बदलतं. घोड्याला अख्खं विष टोचता येतं आणि तो सगळ्यांवर एकदम प्रतिपिंडं बनवतो. संगणकाला मात्र एकेक रेणू वेगळा दाखवावा लागतो, म्हणून सध्याचा बेत घोड्याला रजा देण्याचा नसून, त्याची प्रतिपिंडं जिथे कमी पडतात तिथे ही छोटी प्रथिनं लसीत मिसळून देण्याचा आहे.